आधी दिवा, मग कागद

(सिन्नर येथील प्रौढ साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आपला वर्ग साडेसातला भरतो. सध्या थंडीचे दिवस आहेत. दिवस लहान झाला आहे. तुम्ही पाटी घेऊन घरातून निघता तेव्हा बाहेर काळोख असतो. दिवस कधी मावळला, हे कामाच्या गडबडीत कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आज मी मुद्दाम लवकर निघालो. साडेपाचलाच गोंदेश्वराच्या आवारात जाऊन बसलो. म्हटलं, आज दिवस कसा मावळतो ते नीट पाहू, आणि पाहिलेले वर्गात सांगू.

गोंदेश्वर तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. यादव राजांच्या काळातले हे देऊळ. काळ्या दगडाचे. मध्ये महादेव आणि चार कोपऱ्यांना चार लहान देवळे. त्यांतले एक गणपतीचे, एक पार्वतीचे, एक विष्णूचे आणि एक सूर्याचे. म्हणजे ज्याला निरोप द्यायला मी गेलो होतो, त्याचेही एक घर तिथे आहेच.

सहाला पाच-सात मिनिटे कमी असताना सूर्य बुडाला. मी दगडाला हात लावला. दगड कोमट होता. दिवसभर खाल्लेले ऊन तो सावकाश बाहेर सोडत होता. देवळाच्या पाठभिंतीवर तांबूस उजेड होता, तो हळूहळू वर सरकला आणि शिखरावरून निघून गेला. तेवढ्यात पहारेकरी आला. म्हणाला, "गुरुजी, चला. बंद करायची वेळ झाली." मी बाहेर आलो आणि रस्त्याच्या कडेला बसलो.

आता एक गोष्ट विचारतो. सूर्य बुडाला, तरी लगेच अंधार का पडत नाही? दिवा फुंकला की घरात एकदम काळोख होतो. मग सूर्य गेला तरी उजेड मागे राहतो कसा?

उत्तर सोपे आहे. आपल्या डोक्यावर कितीतरी उंचीपर्यंत हवा आहे. आपल्यापुरता सूर्य जमिनीआड गेला, तरी त्या उंचावरच्या हवेला तो अजून दिसत असतो. पायथ्याच्या वाडीवर सावली आली तरी डोंगराच्या माथ्यावर ऊन असते ना? तसेच हे. वरच्या हवेवर पडलेला उजेड पसरून खाली आपल्याकडे येतो. त्याला पुस्तकात संधिप्रकाश म्हणतात. आपण म्हणतो तिन्हीसांज, कातरवेळ, दिवेलागण.

आणि आभाळ तांबडे का होते? सूर्याचा उजेड पांढरा दिसतो, पण त्यात सात रंग मिसळलेले असतात. दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा उजेडाला हवेतून थोडेच अंतर यावे लागते. संध्याकाळी तो तिरपा येतो. त्याला हवेतून फार लांबचा पल्ला काढावा लागतो. वाटेत निळा रंग इकडेतिकडे विखुरला जातो. तांबडा चिवट. तो शेवटपर्यंत टिकतो आणि आपल्यापर्यंत पोहोचतो. 1883 साली इंडोनेशियातील क्राकाटोआ बेटावर ज्वालामुखी फुटला. त्यातून निघालेले बारीक कण उंच हवेत चढले आणि जगभर पसरले. त्यानंतर कितीतरी महिने दूरदूरच्या देशांत सूर्यास्त लालभडक दिसत असत. एका बेटावर स्फोट झाला आणि हजारो कोस लांबच्या लोकांची संध्याकाळ बदलली!

सूर्यास्त सगळीकडे एकाच वेळी होत नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून पूर्वेकडच्या गावी सूर्य आधी मावळतो. नागपूर आपल्या पूर्वेला आहे. तिथे आपल्यापेक्षा सुमारे वीस मिनिटे आधी दिवेलागण होते. पण घड्याळ मात्र साऱ्या देशाचे एकच. ऋतूप्रमाणेही वेळ बदलते. आपल्या नाशिक जिल्ह्यात नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य सहाच्या आत मावळतो. जूनच्या शेवटी सव्वासात होतात.

सूर्य बुडाल्यावर साधारण 20 ते 25 मिनिटे बाहेरचे काम दिव्यावाचून करता येते. त्यानंतर दिवा हवाच. आभाळातला शेवटचा उजेड जाऊन पुरती रात्र व्हायला आपल्याकडे सुमारे सव्वा तास लागतो. इंग्लंडमध्ये जून महिन्यात हा संधिप्रकाश रात्रभर पुरता जात नाही. आपण त्या मानाने भराभर अंधारात शिरतो.

मी रस्त्याच्या कडेला बसून हेच पाहत होतो. बगळे रांगेने गेले. मग वटवाघळे निघाली. पश्चिमेला एक टपोरी चांदणी दिसू लागली. कुठे देवळात घंटा वाजली, कुठे अजान झाली. नाशिककडून आलेली एस. टी. स्टँडात शिरली, तिचे दिवे लागलेले होते. माळेगाव आणि मुसळगावच्या कारखान्यांतून सुटलेले कामगार मोटारसायकलींवरून परतत होते. काहींचे दिवे लागले होते, काहींचे नव्हते. भाजीवाल्या बाया उरलेली मेथी स्वस्तात काढत होत्या. एका ओट्यावर एक आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. तिची बोटे थांबत नव्हती, पण मान मात्र खाली खाली जात होती. उजेड कमी होत होता ना!

मी तिला म्हटलं, "आजी, दिवा लावा की." ती म्हणाली, "दिसतंय अजून, गुरुजी."

मंडळी, हे "दिसतंय अजून" फार फसवे आहे. आज मला त्याच्याबद्दलच बोलायचे आहे.

आपल्या डोळ्यांचे असे आहे. उजेड कमी झाला की आधी रंग जातात. तांबडे लुगडे काळे दिसू लागते. मग बारीक वस्तू जातात. माणूस दिसतो, पण त्याचा चेहरा ओळखू येत नाही. कागद दिसतो, अक्षर दिसत नाही. आणि गंमत अशी की, आपल्याला वाटते आपल्याला सगळे दिसते आहे. पुऱ्या अंधारात माणूस चाचपडत चालतो. तो सावध असतो. अर्धवट उजेडात तो बेसावध असतो. म्हणून वाटेवर पडलेली दोरी कोणती आणि घोणस कोणती, हे याच वेळी कळत नाही. बिनदिव्याची बैलगाडी मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला याच वेळी दिसत नाही. उसाच्या कडेला बिबट्या निघतो, तोही याच सुमाराला.

जुन्या बाया सांगत, तिन्हीसांजेला केर काढू नये. शिवणटिपण करू नये. उसने देऊ नये. याला कुणी देवाधर्माचे नियम म्हणतात, कुणी खुळचट समजूत म्हणतात. मला वाटते, त्यात अनुभव आहे. केरात कानातले गेले तर दिसणार नाही. सुई बोटात शिरेल. उसने देताना पैसे मोजायला चूक होईल. ज्यांच्या घरात एकच दिवा होता, त्यांनी हे शहाणपण राखून ठेवले आहे.

आता माझ्या घरची एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला आजही जड जाते. पण तुमच्यापासून लपवण्यासारखी ती नाही.

1972 सालचा दुष्काळ. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना तो आठवत असेल. सिन्नर तालुका आधीच कमी पावसाचा. सह्याद्री ओलांडताना ढग पाणी टाकून येतात, आपल्या वाट्याला थोडे राहते. त्या साली तेवढेही आले नाही. विहिरी तळाला गेल्या. जनावरे कवडीमोलाने विकली गेली. सरकारने दुष्काळी कामे काढली. माझे वडील खडी फोडायला जात. आई घरी विड्या वळी. मी तेव्हा सहावीत होतो. कामावर सुकडी मिळे. वडील आपल्या वाट्याची थोडी फडक्यात बांधून आणत आणि आम्हा भावंडांना देत.

आमच्या वाडीत तेव्हा वीज नव्हती. एक कंदील आणि एक चिमणी, एवढाच घरचा उजेड. संध्याकाळी कंदील साफ करणे हे माझे काम. काच काढायची, राखेने आणि फडक्याने पुसायची, वात कातरायची, रॉकेल भरायचे. मग दिवा लावून आम्ही भावंडे परवचा म्हणत असू. पाढे, पावकी, निमकी, दिडकी. आई सूप मांडीवर घेऊन ऐके.

एके दिवशी वडील कामावरून आले आणि त्यांच्यामागोमाग एक गृहस्थ आले. ते आमच्या ओळखीचे होते. सणावाराला आमच्या पंक्तीला जेवलेले. वडिलांनी त्यांच्याकडे पैसे मागितले होते. ते पैसे आणि एक कागद घेऊन आले. सूर्य नुकताच बुडाला होता. अंगणात उजेड होता, घरात नव्हता.

वडील मला म्हणाले, "बाळ्या, दिवा लाव. कागद वाचून दाखव."

मी कंदील हलवला. त्यात रॉकेल नव्हते. मी बाटली घेऊन शेजारी पळालो. मागून त्या गृहस्थांचा आवाज ऐकू आला, "अहो, दिसतंय अजून. मीच वाचून दाखवतो. मला अंधाराच्या आत घरी पोचायचंय."

मी रॉकेल घेऊन आलो. काच पुसली. वात लावली. कंदील घेऊन बाहेर आलो, तर वडील अंगठ्याची शाई भिंतीला पुसत होते. कागदावर अंगठा उमटला होता. शाई अजून ओली होती.

मी कंदील वर धरला आणि कागद वाचला. वडिलांच्या हातात तीनशे रुपये होते. कागदावर अक्षरात आणि अंकात पाचशे रुपये लिहिलेले होते.

मी मोठ्याने म्हणालो, "दादा, यात पाचशे लिहिलंय!"

त्या गृहस्थांनी कागदाची घडी केली. म्हणाले, "त्यात व्याज धरलंय. पोराला काय कळतं?" आणि ते गेले.

वडील त्यांच्यामागे गेले नाहीत. ते म्हणाले, "अंगठा दिला तो दिलाच." त्या रात्री ते जेवले नाहीत. ते पैसे फेडायला आम्हाला चार वर्षे लागली. एक बैल विकावा लागला.

आई मात्र गप्प बसली नव्हती. तिलाही लिहिता येत नव्हते. पण विड्या मोजायची तिची एक रीत होती. पंचवीस विड्यांची एक जुडी. चाळीस जुड्या झाल्या की हजार. दर जुडीला ती भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढी. हिशोब देताना कुणी कमी मोजले तर ती मला पुढे करी. मी रेघा मोजून सांगे. तिच्या रेघा कधी चुकल्या नाहीत. त्या रात्री ती वडिलांना म्हणाली, "माझ्या भिंतीवरच्या रेघा मला वाचता येतात. तुम्हाला तुमचं नावसुद्धा वाचता येत नाही. आता शिका."

आणि माझे वडील शिकले. वय चाळिशीच्या पुढे. दिवसभर घण मारून हाताला घट्टे पडलेले. पाटीवरची पेन्सिल त्यांच्या बोटांत मोडे. रोज रात्री कंदिलाजवळ मी त्यांना एक अक्षर शिकवी. मुलापुढे बसायची त्यांना लाज वाटे, म्हणून दार लावून बसत. तीन महिन्यांनी त्यांनी आपले पूर्ण नाव लिहिले. मग अंक. मग बाजाराची चिठ्ठी. मी पुढे मॅट्रिक झालो, शिक्षक झालो, पुष्कळ मुले शिकवली. पण माझा पहिला विद्यार्थी कोण, असे कुणी विचारले तर मी वडिलांचे नाव सांगतो.

त्यानंतर वडिलांनी एक नियम केला आणि मरेपर्यंत पाळला. सूर्य बुडाल्यावर कुठल्याच कागदावर सही करायची नाही. अगदी घरचा माणूस आला तरी म्हणत, "आधी दिवा, मग कागद. आणि दिवा लावूनही समजलं नाही, तर उद्या."

मंडळी, आता घरोघर वीज आहे. बटण दाबले की उजेड. मग ही गोष्ट मी का सांगितली?

कारण तिन्हीसांज आभाळात असते तशी माणसाच्या ज्ञानातही असते. ज्याला मुळीच वाचता येत नाही, तो निदान चारजणांना विचारतो. ज्याला अर्धेमुर्धे येते, तो म्हणतो, "दिसतंय अजून." तो अडखळत दोन ओळी वाचतो, बाकीचे सोडून देतो आणि सही करतो. तुम्ही सगळे आता त्या टप्प्यावर आहात. अक्षरे ओळखू लागला आहात. हा आनंदाचा टप्पा आहे आणि धोक्याचाही आहे. म्हणून वर्ग मध्येच सोडू नका. पुरता दिवा लागू द्या.

आज अंगठा नुसता कागदावर द्यावा लागत नाही. रेशन दुकानात यंत्रावर द्यावा लागतो. यंत्रातून पावती निघते. ती मागून घ्या. त्यावर किती किलो लिहिले आहे आणि पिशवीत किती आहे, ते ताडून पाहा. कुणी फोनवर आलेला आकडा विचारला तर सांगू नका, मग तो बँकेचा साहेब असल्याचे सांगो की आणखी कुणी. विडी कामगार भगिनींनो, तुमच्यासाठी 1966 साली कायदा झाला होता. घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा त्यात कामगार धरली होती. तुमच्या पुस्तकात आज किती विड्या मांडल्या, ते तिथल्या तिथे वाचा. सावकारीसाठी महाराष्ट्रात 2014 सालचा कायदा आहे. परवान्यावाचून सावकारी करता येत नाही. फसवणूक झाली तर तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या कचेरीत तक्रार देता येते. माझ्या वडिलांना हे दार ठाऊक नव्हते. तुम्हाला ठाऊक असू द्या.

शेतकरी दादांनो, तुमच्यातल्या पुष्कळांना अजून रात्रीच्या विजेवर पाणी भरायला जावे लागते. तुम्हाला वेगळे सांगतो. विजेरी आणि काठी घेतल्यावाचून बांधावर पाऊल टाकू नका. पायात बूट घाला. गाणे म्हणत किंवा बोलत चला. साप चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. जखम कापू नका, चोखू नका. माणसाला चालू देऊ नका आणि थेट सरकारी दवाखान्यात न्या. सापाच्या विषावर औषध दवाखान्यात आहे, मंत्रात नाही. संध्याकाळी गाडी घेऊन निघालात तर अंधार पडायची वाट न पाहता दिवा लावा. तो दिवा तुम्हाला दिसण्यासाठी नाही, तुम्ही दुसऱ्याला दिसावे म्हणून आहे.

संध्याकाळची वेळ वाईट नाही, बरं का. दिवसभर माणूस दुसऱ्याचा असतो, कामाचा असतो. दिवा लागला की तो आपला असतो. 1855 साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी कष्टकरी माणसांसाठी रात्रीची शाळा काढली, ती याचसाठी. दिवसा ज्यांना सवड नाही, त्यांनी शिकावे कधी? दिवा लागल्यावर! आज आपण इथे बसलो आहोत, ते त्याच वाटेने.

आता अभ्यास देतो. उद्यापासून सात दिवस सूर्य मावळताना घड्याळ पाहा. तारीख आणि वेळ पाटीवर लिहा, मग वहीत उतरा. सात दिवसांनी वेळ पुढे सरकली की मागे, ते मला सांगा. आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात चार शब्द लिहा : आधी दिवा, मग कागद.

येता येता मी त्या आजीच्या ओट्यावरून पुन्हा आलो. तिची नात शाळेतून आली होती. तिने दिवा लावला होता आणि ती आजीचे पुस्तक वाचून दाखवत होती. आजी विड्या वळायच्या थांबल्या होत्या. मी म्हटलं, "आजी, उद्या वर्गाला या." त्या म्हणाल्या, "या वयात?" मी त्यांना माझ्या वडिलांची गोष्ट थोडक्यात सांगितली.

त्या आज आल्या आहेत. मागे, दाराजवळ बसल्या आहेत. त्यांना जरा पुढे, दिव्याजवळ जागा करून द्या.